अल्कोहोल इंक पसरते, दुधी होते, खालचा रंग उठवते: कारणं आणि उपाय

जून लागला की गोव्यातल्या मॉडेलवाल्यांची (प्लॅस्टिकच्या किटमधून विमानं-जहाजं बनवून रंगवणाऱ्यांची) अल्कोहोल इंकबद्दलची तक्रार सुरू होते आणि चवथ होईपर्यंत थांबत नाही. शब्द तेवढे बदलतात. "कालपर्यंत मस्त दिसत होतं, वार्निश मारलं आणि सगळं वाहिलं." "जांभळ्यावर दुधी पडदा आलाय." "दादा, इंक लावली तिथला खालचा रंगच उठून ब्रशला लागला." तिन्ही वेळा दोष बाटलीवर जातो, नवी बाटली मागवली जाते आणि पुन्हा तेच होतं. बाटली बदलून हे सुटणार नाही, कारण इंक आपल्या गुणधर्माप्रमाणेच वागतेय. तो गुणधर्म धरून थरांचा क्रम लावला तर सुटतं.

तामिया, व्हॅलेहो, हम्ब्रोल, मिस्टर कलर या आपल्या नेहमीच्या रंगांत पिगमेंटचे, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगद्रव्याचे, घन कण असतात आणि ते धरून ठेवणारं रेझिन असतं. अल्कोहोल इंकमध्ये घन कण नसतात. त्यात डाय असतो आणि तो अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळलेला असतो. म्हणूनच ती इतकी पारदर्शक दिसते, खालच्या धातूची चमक वर येऊ देते. अल्कोहोल उडालं की डाय पृष्ठभागावर बसतो आणि तिथेच काम संपतं. पुढे कितीही दिवस ठेवलं तरी तो अजून पक्का होत नाही. दोन महिन्यांनी त्यावर अल्कोहोलचा थेंब पडला तरी पहिल्या दिवशीसारखाच विरघळतो. (सोनेरी-चंदेरी इंकमध्ये धातूची पूड असते, ती वेगळी वागते. तिच्याबद्दल इथे बोलत नाही.)

त्यामुळे काम सुरू करण्याआधी एकच विचारायचं: इंकच्या खाली काय आहे, वर काय येणार आहे, आणि ते दोन्ही कशात विरघळतात?

आधी रोग ओळखा

रंग पसरणं आणि दुधी पडदा हे दोन वेगळे रोग आहेत. त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट जातात, म्हणून आधी खात्री करा. रंग कडेच्या बाहेर गेला असेल, डिकॅलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्राखाली) शिरला असेल, पांढऱ्या रंगावर गुलाबी किंवा निळी झाक आली असेल, तर वरच्या थरातल्या द्रावकाने इंक विरघळवली आहे. रंग जागच्या जागी आहे पण त्यावर धुकं बसलंय, तर संशय हवेतल्या ओलीवर.

शंका राहिली तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या टर्पेंटाइनमध्ये कापूसकाडी बुडवून पांढरट जागेवर नुसती टेकवा. ओलं असेपर्यंत पांढरेपणा दिसेनासा झाला आणि सुकल्यावर परत आला, तर तो ओलीचाच. पाण्याच्या बारीक थेंबांनी थरात सूक्ष्म पोकळ्या सोडलेल्या असतात. टर्पेंटाइन त्या भरून काढतं तेवढा वेळ प्रकाश सरळ जातो. खाली ताजा इनॅमल (तेलावर आधारलेला रंग) असेल तर मात्र ही परीक्षा नको, टर्पेंटाइन त्यालाच उठवेल.

खालचा रंग उठतो तेव्हा

तामियाच्या एक्स आणि एक्सएफ मालिकेतल्या अ‍ॅक्रिलिकच्या स्वतःच्या थिनरमध्येच अल्कोहोल असतं. साहजिकच अल्कोहोल इंकचा ब्रश त्यावरून फिरला की तो रंग मऊ होतो आणि दुसऱ्या फेरीत उठतो. व्हॅलेहो पाण्याचा रंग असला, सुकल्यावर पाण्याला दाद देत नसला, तरी अल्कोहोलपुढे टिकत नाही. जुना व्हॅलेहो काढून टाकायला आपण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, हे इथे आठवायला हवं. व्हॅलेहोचे धातूचे रंगही बहुतेक पाण्याचेच. चमक फार देखणी, पण त्यावर थेट इंक लावू नका.

हम्ब्रोलसारखा इनॅमल पूर्ण सुकला की अल्कोहोलला चांगलं तोंड देतो. पूर्ण म्हणजे पूर्ण. डिसेंबरात आठवडा पुरतो, पावसाळ्यात त्याहून जास्त थांबा. नखाने दाबून ठसा उमटत असेल तर अजून वेळ आहे. मिस्टर कलर किंवा अल्क्लॅड यांसारखे लॅकर (जहाल द्रावकाचे, झटपट सुकणारे रंग) हलक्या हाताचे एक-दोन थर सहन करतात, पण इंकचं तळं साचू दिलं तर तेही मऊ पडतात. सगळ्यात निर्धास्त जागा म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉइल. अल्कोहोल तिचं काहीच बिघडवत नाही.

तेव्हा खाली तामिया किंवा व्हॅलेहो असेल तर मधे भिंत घाला: लॅकरचा ग्लॉस क्लिअर (रंग नसलेला चकचकीत थर), दोन-तीन हलके हात, आणि मग दोन दिवस सुकू द्या. क्लिअर ग्लॉसच हवा, हे मी आग्रहाने सांगतो. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, इंक त्या खाचांत अडकते आणि डाग पडल्यासारखी दिसते. ग्लॉसवर ती सरकते, हवी तिथे ओढता येते आणि, सगळ्यात मोलाचं, मनासारखी नाही बसली तर अल्कोहोलच्या कापूसकाडीने हलकेच पुसून काढता येते. मॅट हवा असेल तर सगळ्यात शेवटी करा.

आणि ब्रश एकदाच फिरवा. इंक ओली दिसतेय म्हणून त्याच जागी पुन्हापुन्हा घासत राहिलं की भिंत कितीही चांगली असली तरी खालचं मऊ होतंच. एक फेरी, थांबा, पूर्ण सुकू द्या, मग दुसरी.

वरून क्लिअर मारल्यावर रंग वाहतो

सगळ्यात जास्त मॉडेलं इथे वाया जातात, कारण तोपर्यंत काम संपत आलेलं असतं आणि हाताला घाई असते. डब्यातला स्प्रे क्लिअर बहुतेक वेळा लॅकरचा असतो. त्यातली द्रावकं इंकचा डाय सहज विरघळवतात. एक भरगच्च ओला हात मारला की इंक त्या क्लिअरमध्येच तरंगायला लागते आणि गुरुत्वाकर्षण नेईल तिकडे जाते. तामियाचा एक्स-२२ (अ‍ॅक्रिलिक ग्लॉस क्लिअर) मारला तर त्याच्या थिनरमधलं अल्कोहोल तेच करतं. पाण्याचं वार्निश ब्रशने लावलं तर पुष्कळदा ब्रशबरोबर रंग ओढला जातो, कारण पाण्याच्या वार्निशमध्येही इतर द्रावकं थोडी असतातच.

उपाय दोन. पहिला म्हणजे क्रम असा लावायचा की इंकवर काही मारावंच लागू नये. पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा), डिकॅल, सगळ्या विमानाचा मॅट थर हे सगळं आधी उरका. इंकचा भाग शक्य तर सुटा ठेवा, वेगळा रंगवा आणि शेवटी जागेवर बसवा. एक्झॉस्ट, नोझल, दिवे, काचेची झाक हे बहुतेक वेळा सुटेच भाग असतात. मला हाच मार्ग पटतो आणि दहातल्या आठ कामांना तो पुरतो. उरलेल्या दोनांसाठी दुसरा उपाय.

दुसरा उपाय धुक्याचा. क्लिअर इतक्या लांबून आणि इतका हलका मारायचा की तो मॉडेलवर पोचेपर्यंत अर्धा सुकलेला असेल. पृष्ठभाग ओला दिसता कामा नये, नुसता बारीक दाणा दिसला पाहिजे. पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा तेच. असे चार-पाच धुके बसले की इंकवर एक पातळ कातडी तयार होते आणि मग थोडा ओला हात चालतो. पहिले धुके बसल्यावर मॉडेल कुरूप, खरखरीत दिसतं. त्याला घाबरून लगेच ओला हात मारायचा मोह होतो आणि तिथेच रंग वाहतो.

एक्झॉस्टवर ऑइल कलरने मळकट छटा द्यायची असेल तर ती इंकनंतर चालते. टर्पेंटाइनमध्ये हा डाय सहसा विरघळत नाही. तरी आधी चाचणी घ्या, प्रत्येक रंगाचा डाय वेगळा असतो.

आणि वाहिलेलं सावरायचं कसं? खाली लॅकरची भिंत असेल तर डाग ताजा असतानाच अल्कोहोलने टिपून घ्या, घासू नका. पण डाय पांढऱ्या रंगात शिरून गुलाबी झाक आली असेल तर त्यावर पांढऱ्याचे हात चढवत बसू नका. लाल प्लॅस्टिकच्या किटवर पांढरा दिला की लाली वर येते, तसाच हा डायही प्रत्येक नव्या थरातून वर सरकतो, कारण नव्या रंगातलं द्रावक त्याला दर वेळी वाट करून देतं. आधी त्या जागी चंदेरी रंगाचा एक हात द्या. अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या पापुद्र्यांतून डायला वर यायला जागा मिळत नाही. तो सुकला की मग पांढरा.

दुधी पडदा: हा आपल्या हवेचा

इंकबद्दलचा सल्ला बहुतेक वेळा कोरड्या हवेतल्या लोकांनी लिहिलेला असतो. तो पणजीत किंवा फोंड्यात जुलै महिन्यात जसाच्या तसा चालत नाही, त्याला साधं गणित आहे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू जवळपास २७ अंशांवर असतो. म्हणजे एखादा पृष्ठभाग तीन अंशांनी थंड झाला की त्यावर पाणी धरतं. अल्कोहोल भराभर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. सॅनिटायझर लावल्यावर हाताला गार लागतं ते त्यामुळेच. तीन अंश उतरायला वेळ लागत नाही. शिवाय अल्कोहोल पाण्याशी कुठल्याही प्रमाणात मिसळतं, त्यामुळे धरलेलं पाणी थरात शिरतं, अल्कोहोल आधी उडून जातं आणि पाणी मागे राहतं.

डोळ्यांनी बघायचं असेल तर काळा प्लॅस्टिकचा चमचा घ्या, त्यावर क्लिअर ग्लॉस द्या, सुकल्यावर पावसाळी संध्याकाळी निळ्या इंकचा एक थेंब मधोमध सोडा आणि तिरप्या प्रकाशात धरा. थेंब पसरतो, कड आत ओढली जाते, आणि मध्यभाग सुकत आला की आतून बाहेर एक राखाडी वलय सरकत येतं. अर्ध्या मिनिटाचा खेळ आहे. तोच चमचा एसीच्या खोलीत तासभर ठेवून पुन्हा थेंब सोडला की वलय येत नाही. एसीमुळे तापमान २७ आणि आर्द्रता ५५ टक्क्यांवर आली तर दवबिंदू १७ अंशांच्या आसपास उतरतो. मग तीनऐवजी दहा अंशांची मोकळीक मिळते.

एसी नसेल तर पावसाला उघडीप मिळून कडक ऊन पडेल ती दुपार निवडा. स्वस्तातलं आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. माझा नियम असा की काटा ६५च्या वर असेल तर इंक आणि क्लिअर दोन्हींना हात लावायचा नाही. त्या दिवशी सँडिंग करा, भाग जुळवा, डिकॅल कापून ठेवा. पावसाळ्यात तसंही करण्यासारखं पुष्कळ असतं.

दुसरं कारण तुमच्या अल्कोहोलमध्येच असतं. औषधांच्या दुकानात मिळतं ते बहुधा ७० टक्क्यांचं असतं, उरलेलं ३० टक्के पाणी. जखम पुसायला ते उत्तम, इंक पातळ करायला निरुपयोगी. सॅनिटायझरमध्ये तर ग्लिसरिनही असतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल मागा. म्हापसा, पणजी, मडगाव इथे मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे सर्किट साफ करायला ते ठेवलेलं असतं. मोठा कॅन घेतला तर लहान घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरून ठेवा. उघडी राहिलेली बाटली आपल्या हवेतून पाणी ओढत राहते.

तिसरं कारण एअरब्रशवाल्यांचं, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्यांचं. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा त्यातली वाफ पाणी होते आणि नळीत, टाकीत साठते. पावसाळ्यात मॉइश्चर ट्रॅप (हे पाणी पकडणारी डबी) काम चालू असतानाही रिकामा करावा लागतो. टाकीखालचा व्हॉल्व्ह रोज सोडा. फवाऱ्यात अधूनमधून डोळ्यासारखे गोल ठिपके येत असतील तर ते इथलंच पाणी.

आलेला पडदा घालवणं तसं सोपं आहे. कोरड्या खोलीत, थर नुसता ओलावेल इतपत ९९ टक्के अल्कोहोलचा अगदी हलका फवारा द्या. डाय पुन्हा मोकळा होतो, अडकलेल्या पोकळ्या मिटतात. पडदा लॅकर क्लिअरवर असेल तर सावकाश उडणारा रिटार्डर असलेलं लॅकर थिनर तसंच हलकं मारा. दोन्हीत रंग थोडा हलतो, म्हणून आजूबाजूचा भाग आधी झाका.

एक काम सुरुवातीपासून: सी हॅरियरचं नोझल

गोव्यात राहून हे विमान केलं नाही असा मॉडेलवाला मी पाहिलेला नाही. १९८३ मध्ये नौदलाची सी हॅरियर लढाऊ विमानं दाबोळीच्या आयएनएस हंसा या हवाई तळावर आली आणि २०१६ मध्ये निवृत्त झाली. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात एक उभं आहे. किटबरोबरच्या चित्रापेक्षा तिथे जाऊन मागच्या बाजूने बघा. विमानाला चार फिरती नोझलं असतात. पुढच्या दोनांतून पंख्याची तुलनेने थंड हवा येते, मागच्या दोनांतून इंजिनाचा तापलेला झोत. तापाच्या छटा मागच्या जोडीला आणि तिच्या मागे फ्युजलाजवर (विमानाच्या धडावर) असलेल्या धातूच्या पत्र्याला द्यायच्या, पुढच्या जोडीला नाही. चारही नोझलं निळी-जांभळी केलेली मॉडेलं बघितली की वाईट वाटतं, एवढं चांगलं काम केलेलं असतं आणि विमान हाकेच्या अंतरावर उभं असतं.

छटांचा क्रमही निसर्गाने ठरवलेला आहे. साधं पोलाद तापवलं तर सुमारे २२० अंशांना ते पिवळसर होतं, मग तपकिरी, २८०च्या आसपास जांभळं आणि ३००च्या आसपास निळं. इंजिनातले मिश्रधातू याहून पुष्कळ जास्त तापमानाला हे रंग धरतात, पण क्रम तोच. निळा जास्त तापलेल्या भागात, पिवळा सगळ्यात कडेला. उलट लावलं तर बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी खटकतं.

नोझल सुटं ठेवा. काळा ग्लॉस लॅकर, त्यावर अल्क्लॅडसारखा धातूचा लॅकर, मग दोन दिवस विश्रांती. पॅलेटवर पिवळी, तपकिरी, जांभळी आणि निळी इंक एकेक थेंब, प्रत्येकात तीन-चार थेंब अल्कोहोल. पातळ ठेवा, गडद कधीही करता येतं. आधी पिवळी सगळीभर पुसट, मग तपकिरी, तिच्या आतल्या बाजूला जांभळी, मग निळी सगळ्यात आत. दोन रंगांची सीमा फार कडक दिसली तर नुसत्या अल्कोहोलने ओलसर केलेला, जवळजवळ सुका ब्रश त्या सीमेवरून एकदाच ओढा. डाय विरघळतो आणि छटा एकमेकींत मिसळतात. जो गुण वार्निशच्या वेळी छळतो तोच इथे कामाला येतो, आणि इंक वापरायचं माझ्या दृष्टीने हेच खरं कारण आहे. तामियाच्या क्लिअर रंगांनी अशी सलग छटा ब्रशने काढणं फार कठीण. वरून क्लिअर नको. भाग चिमट्याने धरून बसवा. घामट बोटांचे ठसे ग्लॉसवर लगेच उठतात.

रंगात मिसळताना

एक्स-२२मध्ये थेंब-दोन थेंब इंक घातली तर सुरेख पारदर्शक रंग बनतो आणि नुसत्या इंकपेक्षा जास्त टिकाऊ बसतो, कारण डायला धरायला रेझिन मिळतं. जहाजांच्या आणि विमानांच्या दिव्यांना मी हेच वापरतो, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. लॅकर क्लिअरमध्येही थोडी इंक सामावते. व्हॅलेहोत मात्र घालू नका. अल्कोहोल पडताच दूध नासावं तशा गुठळ्या होतात आणि एअरब्रशची सुई अडकते. इनॅमलमध्येही ती नीट मिसळत नाही, दाणे धरते.

ऊन आणि आग

डाय उन्हाला फार कमजोर. पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवलेल्या कपाटात जांभळा आधी विटतो. अतिनील किरण अडवणारा क्लिअर विटणं लांबवतो, थांबवत नाही. कपाटाची जागा बदलणं जास्त उपयोगी.

आयसोप्रोपिलची वाफ १२ अंशांनाही पेट घेऊ शकते. आपल्या खोलीचं तापमान वर्षभर त्याच्या वरच असतं. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली, जमिनीलगत पसरते. त्यामुळे देव्हाऱ्यात समई किंवा अगरबत्ती चालू असेल त्या खोलीत, किंवा गॅसच्या शेगडीजवळ, इंकचं काम करू नका. एसीसाठी खिडक्या बंद केल्या असतील तर काम संपल्यावर आधी त्या उघडा, भिजलेल्या कापूसकाड्या झाकणाच्या डब्यात टाका आणि तो डबा घराबाहेर ठेवा. फवारा मारताना सेंद्रिय वाफेची गाळणी असलेला मास्क लावा. कापडी मास्क वाफ अडवत नाही.